बढतीचा जुगार, पगाराचा डोंगर

इंग्लिश फुटबॉलच्या दुसऱ्या श्रेणीतील क्लब जेवढे कमावतात जवळपास तेवढे, आणि कित्येकदा त्याहूनही अधिक, खेळाडूंच्या पगारावर खर्च करतात. ही तूट मालकाच्या खिशातून भरली जाते. तो खिसा उघडा असेपर्यंत सारे आलबेल असते. तो मिटला की शंभर-दीडशे वर्षांच्या संस्था प्रशासकाच्या दारात उभ्या राहतात. या अर्थकारणाचा एक धागा थेट पुण्यापर्यंत येऊन पोहोचला आहे.

२७ मे २०१९ रोजी लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर ॲस्टन व्हिला आणि डर्बी कौंटी हे दोन क्लब समोरासमोर आले. सामना होता दुसऱ्या श्रेणीच्या, म्हणजे चॅम्पियनशिपच्या प्ले-ऑफचा अंतिम सामना. जिंकणाऱ्याला प्रीमियर लीगमध्ये प्रवेश मिळणार होता. व्हिलाने २-१ अशी बाजी मारली. वर्षभरापूर्वी याच मैदानावर फुलहॅमकडून हरल्यानंतर व्हिलाकडे कर भरण्यापुरताही पैसा उरला नव्हता. इजिप्तचे नासिफ साविरिस आणि अमेरिकेचे वेस्ली एडन्स या धनाढ्यांनी क्लब विकत घेतला म्हणून तो तरला. बढती मिळाल्यानंतर पाच वर्षांनी, २०२४ मध्ये, हाच क्लब युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळत होता.

पराभूत डर्बीचा प्रवास नेमका उलट दिशेने झाला. सप्टेंबर २०२१ मध्ये क्लब प्रशासकाच्या ताब्यात गेला. नियमानुसार १२ गुण कापले गेले. हिशेबातील गैरप्रकारांबद्दल नोव्हेंबरमध्ये आणखी ९ गुण गेले. वेन रूनीच्या मार्गदर्शनाखाली तरुण आणि फुकटात मिळालेल्या खेळाडूंनी त्या हंगामात मैदानावर ५५ गुण कमावले. एरवी ते श्रेणी टिकवण्यास पुरेसे होते. मात्र २१ गुण वजा झाल्याने हाती उरले ३४ आणि डर्बीची तिसऱ्या श्रेणीत घसरण झाली. दोन्ही क्लबांनी डाव एकच मांडला होता. एकाचे दान पडले, दुसऱ्याचे पडले नाही. चॅम्पियनशिपचे सारे अर्थशास्त्र या एका सामन्यात सामावले आहे.

शंभराची मिळकत, एकशेसाताचा पगार

कोणत्याही उद्योगात वेतनखर्च मिळकतीच्या निम्म्यावर गेला, तर व्यवस्थापनाच्या कपाळाला आठ्या पडतात. चॅम्पियनशिपमध्ये हे गणित वेगळ्याच पातळीवर चालते. ‘डेलॉइट’ ही लेखापरीक्षण संस्था दरवर्षी फुटबॉलच्या अर्थकारणाचा आढावा घेते. तिच्या आकडेवारीनुसार २०१८-१९ च्या हंगामात चॅम्पियनशिपमधील क्लबांनी मिळवलेल्या प्रत्येक १०० पौंडांमागे १०७ पौंड वेतनावर खर्च झाले. करोनाच्या काळात प्रेक्षागृहे ओस पडली, तिकीटविक्री थांबली; पण खेळाडूंचे करार कायम होते. साहजिकच २०२०-२१ मध्ये हे प्रमाण १२५ पर्यंत चढले.

त्यानंतर ते उतरले. २०२३-२४ मध्ये ते ९३ होते आणि २४ क्लबांची एकत्रित मिळकत ९५ कोटी ८० लाख पौंड या विक्रमी पातळीवर गेली होती. वरवर पाहता ही सुधारणा वाटते. प्रत्यक्षात या वाढीचा मोठा वाटा लिस्टर, लीड्स आणि साउदॅम्प्टन या नुकत्याच वरच्या श्रेणीतून खाली आलेल्या तीन बड्या क्लबांचा होता. शिवाय ९३ हा आकडाही दिलासा देणारा नाही. पगार भागवल्यावर उरलेल्या सात पौंडांत मैदानाची देखभाल, प्रवास, वीजबिल, अकादमी आणि खेळाडूंच्या खरेदीचे हप्ते कसे भागवायचे, या प्रश्नाचे उत्तर एकच आहे : मालकाने भरायचे.

पायरी नव्हे, कडा

एवढी उधळपट्टी का होते, याचे उत्तर वरच्या श्रेणीत सापडते. १९९२ मध्ये प्रीमियर लीग स्वतंत्र झाली आणि दूरचित्रवाणी प्रक्षेपणाचा पैसा स्वतःकडे वळवून मोकळी झाली. आज प्रीमियर लीगमध्ये शेवटच्या क्रमांकावर राहिलेल्या क्लबलाही लीगकडून हंगामाला दहा कोटी पौंडांहून अधिक रक्कम मिळते. चॅम्पियनशिपमधील सर्वसाधारण क्लबला मध्यवर्ती निधीतून मिळणारी रक्कम त्याच्या आठव्या-दहाव्या हिश्शाच्या आसपास असते. खालच्या तिन्ही श्रेणींच्या ७२ क्लबांचा कारभार पाहणाऱ्या इंग्लिश फुटबॉल लीगने, म्हणजे ईएफएलने, २०२४-२५ पासून पाच वर्षांसाठी ९३ कोटी ५० लाख पौंडांचा करार केला. प्रीमियर लीगच्या २० क्लबांचा केवळ देशांतर्गत प्रक्षेपणाचा चार वर्षांचा करार ६७० कोटी पौंडांचा आहे. दोन श्रेणींमध्ये पायरी असायला हवी, तेथे कडा आहे.

म्हणूनच प्ले-ऑफच्या अंतिम सामन्याला ‘जगातील सर्वांत महागडा सामना’ म्हटले जाते. मे २०२५ मध्ये संडरलंडने शेफील्ड युनायटेडला नमवले, तेव्हा त्या एका विजयाची किंमत पुढील तीन वर्षांत किमान २० कोटी पौंड असल्याचा डेलॉइटचा अंदाज होता. एवढे घबाड समोर दिसत असताना, एक चांगला आघाडीवीर आठवड्याला काही हजार पौंड जास्त मागतो म्हणून त्याला सोडून देण्याचे धैर्य फार थोड्या मालकांकडे असते.

त्यात भर पडते ती ‘पॅराशूट’ रकमेची. वरून खाली पडणाऱ्या क्लबचे हाडमोड होऊ नये म्हणून प्रीमियर लीग त्याला कमाल तीन वर्षे मदत देते. २०१६-१७ पासूनच्या सूत्रानुसार, वरच्या क्लबांमध्ये समान वाटल्या जाणाऱ्या प्रक्षेपण रकमेच्या ५५ टक्के पहिल्या वर्षी, ४५ टक्के दुसऱ्या वर्षी आणि २० टक्के तिसऱ्या वर्षी. पहिल्याच वर्षीची रक्कम साडेचार-पाच कोटी पौंडांच्या घरात जाते. हेतू चांगला, परिणाम मात्र असा की, ज्याच्याकडे हे छत्र आहे तो प्रीमियर लीगच्या तोडीचे पगार देऊ शकतो आणि ज्याच्याकडे नाही, त्याला बरोबरी साधायची तर कर्ज काढावे लागते. एका क्लबने पगार वाढवला की दुसऱ्याला वाढवणे भाग पडते. २४ जण ही शर्यत लावतात आणि बढती मिळते तिघांना. उरलेल्या २१ जणांकडे राहतात ते तीन-चार वर्षांचे करार आणि तोट्याचे ताळेबंद.

वीस पौंडांपासून सुरुवात

वेतनाचा हा प्रश्न आजचा नाही. १९६१ पर्यंत इंग्लंडमध्ये फुटबॉलपटूच्या पगारावर कमाल मर्यादा होती : आठवड्याला २० पौंड. जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली खेळाडूंच्या संघटनेने संपाचे हत्यार उपसले आणि ही मर्यादा गेली. फुलहॅमचा जॉनी हेन्स आठवड्याला १०० पौंड घेणारा पहिला खेळाडू ठरला. ती मर्यादा अन्यायकारकच होती, याबद्दल दुमत नाही. १९९५ मध्ये युरोपीय न्यायालयाच्या बोस्मन निकालाने करार संपलेल्या खेळाडूला विनाशुल्क क्लब बदलण्याची मुभा दिली आणि वाटाघाटींत खेळाडूचे पारडे आणखी जड झाले.

येऊ घातलेल्या पैशावर आजचे पगार ठरवण्याचा फटका काय असतो, हे २००२ मध्ये दिसले होते. ‘आयटीव्ही डिजिटल’ या वाहिनीने फुटबॉल लीगशी तीन वर्षांसाठी ३१ कोटी ५० लाख पौंडांचा करार केला होता. त्या भरवशावर क्लबांनी खेळाडूंशी करार केले. मार्च २००२ मध्ये ही कंपनीच कोसळली आणि १७ कोटी ८५ लाख पौंड बुडाले. करार मात्र उरले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लिस्टर सिटी प्रशासकाच्या ताब्यात गेला, कर्जातून सुटला आणि त्याच हंगामात बढती मिळवून वरही गेला. प्रामाणिकपणे बिले भरणाऱ्या इतर क्लबांचा यावर संताप होणे स्वाभाविक होते. प्रशासकाकडे जाणाऱ्या क्लबचे गुण कापण्याचा नियम आला तो यातूनच. आधी १० आणि पुढे १२ गुण, अशी ही शिक्षा ठरली.

नियम आणि पळवाटा

तोट्याला लगाम घालण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. गेल्या दशकात लागू झालेल्या नियमाने चॅम्पियनशिपमधील क्लबला तीन वर्षांत मिळून जास्तीत जास्त ३ कोटी ९० लाख पौंड तोट्याची मुभा दिली. म्हणजे वर्षाला १ कोटी ३० लाख पौंड तोटा ‘नियमात बसणारा’ ठरला. २०१९ मध्ये बर्मिंगहॅम सिटीचा तीन वर्षांचा तोटा ४ कोटी ८८ लाख पौंडांवर गेला आणि त्याचे ९ गुण कापले गेले.

पण नियम आला की पळवाटही येते. डर्बीचे तत्कालीन मालक मेल मॉरिस यांनी क्लबचे प्राइड पार्क मैदान स्वतःच्याच दुसऱ्या कंपनीला ८ कोटी पौंडांना विकले. शेफील्ड वेन्सडेचे हिल्सबरो मैदान मालक देजफोन चान्सिरी यांच्या कंपनीला ६ कोटी पौंडांना गेले. व्हिलाच्या मैदानाचाही असाच व्यवहार झाला. एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेला हा पैसा ताळेबंदात मात्र नफा म्हणून झळकला. ईएफएलने ही वाट नंतर बंद केली. पण तोवर या क्लबांच्या पायाखालची जमीनही त्यांची राहिली नव्हती.

शिक्षेच्या विलंबाचे उदाहरण क्वीन्स पार्क रेंजर्सचे. पोलादसम्राट लक्ष्मी मित्तल यांच्या कुटुंबाची भागीदारी राहिल्याने हा क्लब भारतीयांना परिचित आहे. २०१३-१४ मध्ये त्याची मिळकत होती ३ कोटी ८७ लाख पौंड आणि वेतनखर्च साडेसात कोटींहून अधिक. त्या हंगामाच्या अंतिम सामन्यात बॉबी झमोराने अखेरच्या क्षणी गोल केला आणि संघ वर गेला. हरलेला संघ पुन्हा डर्बीच होता. नियमभंगाचा वाद तब्बल चार वर्षांनी, २०१८ मध्ये मिटला. दंड, खटल्याचा खर्च आणि कर्जाचे भांडवलात रूपांतर मिळून हा आकडा सुमारे ४ कोटी २० लाख पौंडांवर गेला. बक्षीस आधी, शिक्षा चार वर्षांनी. अशा व्यवस्थेत जुगार खेळणारा शहाणा ठरतो.

पुण्याचे पैसे, ब्लॅकबर्नचे मैदान

मालकाच्या खिशावर चालणाऱ्या क्लबचे सर्वांत बोलके उदाहरण महाराष्ट्राशी जोडलेले आहे. लँकेशायरमधील ब्लॅकबर्न हे एकेकाळचे कापडगिरण्यांचे गाव. स्थानिक पोलाद व्यावसायिक जॅक वॉकर यांच्या पैशावर ब्लॅकबर्न रोव्हर्सने १९९४-९५ मध्ये प्रीमियर लीगचे विजेतेपद पटकावले. नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या ‘वेंकीज’ या कुक्कुटपालन उद्योगसमूहाने २ कोटी ३० लाख पौंडांना हा क्लब घेतला. महिन्याभरातच अनुभवी व्यवस्थापक सॅम ॲलर्डाइस यांना नारळ मिळाला. २०१२ मध्ये क्लब दुसऱ्या श्रेणीत घसरला. त्या सामन्यात संतप्त प्रेक्षकांनी मैदानावर चक्क कोंबडी सोडली. २०१७ मध्ये आणखी एक पायरी खाली, तिसऱ्या श्रेणीत. प्रीमियर लीगच्या माजी विजेत्यावर अशी वेळ येण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. वर्षभरातच, २०१८ मध्ये, क्लब पुन्हा चॅम्पियनशिपमध्ये परतला.

या मालकांवर टीका भरपूर झाली. क्लब चालवण्याची जाण नाही, गावाशी संवाद नाही, हे आक्षेप निराधार नव्हते. मात्र ताळेबंद दुसरीही बाजू सांगतात. वर्षाकाठी दीड-दोन कोटी पौंडांच्या घरातली तूट पुण्याहून भरली जात होती. इतर अनेक क्लबांमध्ये पगार थकले, येथे क्लब दिवाळखोरीत गेला नाही, तो या पैशामुळे. या मदतीची नाजूक बाजू २०२३ मध्ये उघड झाली. परकीय चलन नियमांसंबंधीच्या चौकशीमुळे इंग्लंडला रक्कम पाठवण्यासाठी मालकांना दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी मागावी लागली. लँकेशायरमधील खेळाडूंच्या पगाराचे वेळापत्रक दिल्लीतल्या सुनावणीच्या तारखांशी जोडले गेले. २०२४ च्या जानेवारी-फेब्रुवारीत ब्लॅकबर्नच्या अकादमीत घडलेला अवघ्या एकोणीस वर्षांचा ॲडम व्हार्टन क्रिस्टल पॅलेसला सुमारे १ कोटी ८० लाख पौंडांना विकला गेला. त्याच उन्हाळ्यात तो युरो स्पर्धेसाठी इंग्लंडच्या संघात होता. सोन्याचे अंडे देणारी कोंबडी बाजारात नेण्याची ही वेळ कोंबड्यांच्या व्यवसायातील मालकांवर यावी, हा विचित्र योगायोग.

स्टोक सिटीमागे कोट्स कुटुंब आणि ब्रिस्टल सिटीमागे स्टीव्ह लॅन्सडाउन अनेक वर्षे असेच उभे राहिले. मालक बदलतात, ही रचना बदलत नाही.

हात आखडला की...

हा हात आखडला की काय होते, ते शेफील्ड वेन्सडेने दाखवले. १८६७ मध्ये स्थापन झालेला हा क्लब चान्सिरी यांनी २०१५ मध्ये घेतला. २०१६ मध्ये बढती एका सामन्याने हुकली. त्यानंतर खर्चाचा ओघ कायम राहिला, यश आले नाही. २०२५ मध्ये एकापाठोपाठ अनेक महिन्यांचे पगार उशिरा झाले, काही खेळाडू करार मोडून निघून गेले. चाहत्यांनी सामन्यांकडे पाठ फिरवली. २४ ऑक्टोबर २०२५ रोजी क्लब प्रशासकाकडे गेला आणि १२ गुण कापले गेले. डिसेंबरमध्ये थकबाकीपोटी आणखी ६. मालक दूर झाल्याचे कळताच तेच चाहते तिकिटांसाठी रांगा लावून उभे राहिले. कोणाचा क्लब, या प्रश्नाचे उत्तर त्या रांगेने दिले.

विगनची कथा याहून वेगवान. १ जुलै २०२० रोजी, मालकी बदलल्यानंतर जेमतेम महिन्याभरात, क्लब प्रशासकाकडे गेला. मैदानावरील कामगिरीनुसार तेराव्या क्रमांकावर राहिला असता, असा संघ १२ गुण गमावून खाली गेला. पंचाहत्तर कर्मचाऱ्यांची नोकरी गेली. रेडिंगने तर एका टप्प्यावर मिळकतीच्या दुपटीहून अधिक रक्कम वेतनावर खर्च केली होती. २०२३ मध्ये सहा गुण कापले गेले आणि त्यामुळेच त्याची श्रेणी गेली.

यात सर्वाधिक होरपळतो तो लहान माणूस. ‘फुटबॉल धनको’ नियमानुसार प्रशासकाकडे गेलेल्या क्लबला खेळाडूंचे पगार आणि इतर क्लबांची देणी आधी पूर्ण भागवावी लागतात. उरलेल्यांच्या वाट्याला पौंडामागे काही पेन्स येतात. २०१० मध्ये पोर्ट्समथ बुडाला, तेव्हा त्याच्या धनकोंच्या यादीत सामन्यांच्या वेळी प्रथमोपचाराची सेवा देणारी सेंट जॉन ॲम्ब्युलन्स ही धर्मादाय संस्थाही होती. ब्रिटनच्या करखात्याने या नियमाला न्यायालयात आव्हान दिले. २०१२ मध्ये ते फेटाळले गेले. आठवड्याला हजारो पौंड कमावणाऱ्याचा पगार सुरक्षित आणि मैदानाबाहेर बिस्किटे, छपाई, धुलाई पुरवणाऱ्याची बिले बुडीत, असा हा न्याय आहे.

अंथरूण पाहून

वेगळा मार्ग नाही असे नाही. पश्चिम लंडनमधील ब्रेंटफर्डने खेळाडू स्वस्तात हेरायचे, घडवायचे आणि योग्य वेळी विकायचे, हे धोरण निष्ठेने राबवले. २०१९ मध्ये नील मोपे, २०२० मध्ये ऑली वॉटकिन्स आणि सईद बेनरहमा असे मोहरे विकूनही २०२१ मध्ये क्लबने बढती मिळवली. मात्र येथेही मालक मॅथ्यू बेनहॅम यांचे भांडवल पाठीशी होते, हे विसरता येणार नाही. ल्यूटनने २००९ मध्ये लीगबाहेर फेकले गेल्यानंतर काटकसरीने एकेक पायरी चढत २०२३ मध्ये प्रीमियर लीग गाठली. पण पुढच्या दोन हंगामांत लागोपाठ दोन श्रेणींची घसरण झाली. शहाणपणालाही हा कडा मानवत नाही, असाच याचा अर्थ.

लोकप्रतिनिधींना अखेर हस्तक्षेप करावासा वाटला तो यामुळेच. २०२१ मध्ये ट्रेसी क्राउच यांच्या अध्यक्षतेखालील समितीने स्वतंत्र नियामकाची शिफारस केली. २१ जुलै २०२५ रोजी त्याचा कायदा झाला. वरच्या पाच श्रेणींतील क्लबांना परवाना घ्यावा लागणार, मालकांची आर्थिक कुवत तपासली जाणार आणि प्रीमियर लीग व ईएफएल यांच्यात पैशाच्या वाटपावर तोडगा निघाला नाही, तर नियामकाला मध्यस्थीचा अधिकार असणार, अशी त्याची रचना आहे. पगारावर थेट मर्यादा घालण्याची तरतूद मात्र त्यात नाही.

यातील खरी कळ वाटपाच्या अधिकारातच आहे. मालकाची पत तपासून बुडणारा एखादा क्लब वेळीच सावरता येईल. पण शेजारी दहा कोटींची रास पडलेली असताना एक कोटीवाल्याला काटकसरीचे पाठ देऊन भागणार नाही. दोन श्रेणींमधली दरी कमी झाली तर बढतीचे मोल कमी होईल आणि तिच्यासाठी घर गहाण टाकण्याची निकडही कमी होईल. प्रीमियर लीगचे क्लब यासाठी किती पैसा सोडायला तयार होतात, यावर सारे अवलंबून आहे.

डर्बीला २०२२ मध्ये डेव्हिड क्लोज या स्थानिक व्यावसायिकाने वाचवले. २०२४ मध्ये क्लब चॅम्पियनशिपमध्ये परतलाही. पण वाचवणारा गावातलाच कोणी भेटेल, याची हमी प्रत्येक गावाला नसते. तोवर दर ऑगस्टमध्ये २४ क्लब त्याच पटावर पुन्हा बसतील. आणि डाव मांडला जाईल तो मालकांच्या पैशावर असला, तरी पणाला लागलेले असेल गावाचे मैदान.